सागवानी खिडक्या ठेवू की काढू? (शहापूर, बेळगाव)

शहापूरकर
मंडळी, शहापुरात आजोबांचं माडीचं घर आहे. पश्चिमेला सहा खिडक्या. सागवानी चौकट, उभे गज, दोन लाकडी झडपा, वर लाल-हिरव्या काचांची अर्धगोल तावदानं. पावसात झडपा फुगून बसतात, म्हणून दर आषाढात सुतार बोलावून कडेला रंधा मारून घेतो. थंडीत मात्र त्याच फटीतून पोस्टकार्ड आरपार जातं. बाबा ऐंशीला टेकलेत. रात्रभर हीटर चालतोय, तरी कानाला मफलर. एक जण यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) दुहेरी काचेच्या खिडक्यांचं कोटेशन देऊन गेला. वर "जुनं लाकूड आम्हीच नेतो" म्हणाला. आई म्हणते, चौकटीला हात लावलात तर मी खानापूरला भावाकडे जाते. काय करू?

रंधेवाला (खानापूर)
लाकूड नेतो म्हणाला, तिथंच कळलं की, डोळा तुमच्या सागावर आहे! आमची सुतारकी तीन पिढ्यांची. रागावू नका, पण फट तुम्हीच पाडलीय. पावसात लाकूड आडवं फुगतं, थंडीत आकसतं. फुगलेलं असताना जेवढं तासलं, तेवढी फट पौषात दिसणार. दहा आषाढ तासल्यावर पोस्टकार्ड काय, लग्नपत्रिकासुद्धा जाईल.
आता फाल्गुनात, लाकूड सुकं असताना झडपा उतरवा. आधी बिजागऱ्या बघा. पुष्कळदा झडप नुसती झुकलेली असते आणि बोल लाकडाला. तासलेल्या कडेला सागाचीच पट्टी चिकटवायची, थोडी जागा सोडून, आणि त्या जागेत वारा अडवणारी ब्रशची (मऊ केसांची) पट्टी. म्हणजे पावसात फुगायला वाव राहतो. झडपेची वरची-खालची टोकं रंगवायला विसरू नका. तिथं कुणाचा ब्रश जात नाही आणि लाकूड पाणी पितं ते तिथूनच.

निपाणीकर (मुक्काम ग्लासगो)
इथल्या जुन्या इमारतींत हाच वाद असतो. २००८ साली ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठानं हिस्टॉरिक स्कॉटलंड या जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी संस्थेसाठी एकेरी काचेच्या जुन्या खिडकीवर मोजमाप केलं. आतून दुसरी काच बसवल्यावर काचेतून जाणारी उष्णता ६३ टक्क्यांनी घटली, नुसत्या लाकडी झडपा मिटल्यावर ५१ टक्क्यांनी. झडपा तुमच्याकडे आहेतच, नीट मिटत नाहीत एवढंच! रंगीत तावदानांना आतून पारदर्शक ॲक्रिलिक लावा, चुंबकाच्या पट्टीवर, पुसायला काढता येईल असं. आतली बाजू घट्ट हवी, बाहेरची थोडी श्वास घेणारी. नाहीतर दोहोंमध्ये दव साचतं.

टिळकवाडीची सून
चैत्रातलं पश्चिमेचं ऊन विसरू नका. पडदा आत लावला तर तोच तापतो आणि उष्णता खोलीतच राहते. दुपारी झडपाच मिटायच्या, नाहीतर बाहेर वाळ्याचा पडदा. आणि बाबांच्या खोलीत कोळशाची शेगडी पेटवत असाल तर फटी मुळीच बुजवू नका हं.

शहापूरकर
शेगडी नाही, वहिनी. काल रात्री उदबत्ती पेटवून सहाही खिडक्यांपाशी फिरलो. झडपांपाशी धूर हलला, पण चौकट आणि भिंतीच्या सांध्यात सरळ आडवा झाला! तिथला गिलावा सुटलाय. बोट घातलं तर आत चिमणीच्या घरट्याच्या काड्या. सिमेंट भरू?

रंधेवाला (खानापूर)
नको. भिंत चुन्याची, तर चुनाच भरा. सिमेंट लाकडाजवळ ओल धरून ठेवतं, चौकट पायथ्यातून कुजते. आणि आषाढात झडप अडकली तर मला फोन करा, रंध्याला हात लावू नका.

शहापूरकर
बरं. आईनं पिशवी भरून ठेवली होती, ती आज उघडली.