‘औदुंबर’च्या रसग्रहणात रेल्वे कुठून आली?

मुळाक्षर
बालकवींच्या ‘औदुंबर’चं आणखी एक रसग्रहण वाचलं. दुसऱ्याच परिच्छेदात १९१८चा रेल्वे अपघात, वयाच्या २८व्या वर्षी मृत्यू, आणि लगेच निष्कर्ष: कवितेतला काळा डोह म्हणजे मरण. कविता लिहिताना कवीला ती गाडी दिसत होती का? रसग्रहण कवितेचं करायचं की मृत्युलेख लिहायचा? कवितेत नाही ते रसग्रहणात नको.

निमित्तमात्र
मग शब्दार्थच लिहून मोकळे व्हा! न सांगितलेलंही ऐकू येतं, त्यालाच ध्वनी म्हणतात. संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ९व्या शतकात हेच सांगितलं. शिवाय बालकवींची उदासी अपघातानंतर कुणी चिकटवलेली नाही. ‘पारवा’तली पडकी धर्मशाळा आठवा. तीही त्यांचीच.

मुळाक्षर
‘पारवा’ चालेल, ती कविता आहे. तारीख नाही चालणार. ध्वनी उठायचा तो शब्दांतून. आठच ओळी आहेत, क्रियापदं बघा: झरा ‘वाहतो’, पायवाट ‘चालली’, आणि शेवटी औदुंबर ‘बसला’. रंगांचंही तेच. आधी हिरवा, निळासावळा, मग पांढरी पायवाट, आणि ती जाते थेट काळ्या डोहाकडे. एवढं सगळं चालत येऊन तिथेच का थांबतं, यावर लिहा की पानभर.

शब्दवेडी
मी रसग्रहणं तपासते. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन कप्पे ठरलेले. ‘पाय टाकुनी जळात बसला’ इथे चेतनगुणोक्ती (झाड माणसासारखं वागतं तो अलंकार), असं लिहिलं की कप्पा भरला. तिने झालं काय, ते कुणी सांगत नाही. (चरित्र निदान वाचनीय तरी असतं!)
पण निमित्तमात्र, डोह म्हणजे मरण म्हणणारे त्याच पाण्यावरच्या ‘गोड काळिमा’तल्या ‘गोड’चं काय करतात? बहुतेक जण तो शब्द गाळूनच पुढे जातात.

निमित्तमात्र
मी गाळत नाही. मरण गोड वाटणं हीच तर त्या कवितेतली खरी भीती आहे.

मुळाक्षर
किंवा मरण नाहीच. झाडाची सावली पाण्यावर पडली की पाणी काळं दिसतं आणि तिथे गारवा असतो. तोही गोडच की.

शब्दवेडी
चला, आता निदान दोघंही एका शब्दावर भांडताय. रेल्वे गेली एकदाची!

निमित्तमात्र
गेली नाही. मी तळटीपेत ठेवणार आहे.