मदत हवी आहे: बालेवाडीत आदल्या दिवशी ट्रॅकवर सराव करता येतो का?

पुढच्या महिन्यात मुलीची (वय १५, ४०० मीटर) राज्यस्तरीय स्पर्धा पुण्याला, बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं तेच. आम्ही नागपूरचे, तिचा रोजचा सराव मातीच्या मैदानावर. सिंथेटिक ट्रॅकवर ती आजवर दोनदाच धावली, आणि वळणावर पाय कसा पडतो याचाच तिला घोर लागलाय.

परिपत्रक दोनदा वाचलं. त्यात फक्त स्पर्धेच्या वेळा आहेत. तिचे सर तिथे जाऊन आले, पण त्याला बरीच वर्षं झाली. बुटांच्या तळाच्या खिळ्यांचं म्हणाल तर ४०० मीटरसाठी नियमाने ९ मिमीपर्यंत चालतात, तिचे ६ चे आहेत, त्यामुळे ती काळजी नाही.

रात्रीच्या गाडीने निघून स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळी पुण्यात उतरू. मुलींची राहण्याची सोय आयोजक करणार, माझं मी बघून घेईन. हॉटेलं सुचवू नका बाप्पा!

अलीकडे मुलांना तिथे घेऊन गेलेल्यांनी एवढंच सांगा: आदल्या दिवशी खेळाडूंना मुख्य ट्रॅकवर सोडतात, की फक्त वॉर्म-अपच्या जागेवर? परवानगी लागत असेल तर ती आयोजकांकडून घ्यायची की संकुलाच्या कार्यालयातून?