मदत हवी आहे: सहा वर्षांची लेक हरली की डाव मोडते, घरी काय करता येईल?

घणसोलीची_आई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. लेक सहा वर्षांची आहे, यंदा पहिलीत गेली. अभ्यासाबद्दल काही विचारायचं नाही. तिला हरणं सोसत नाही, मनासारखं झालं नाही की खेळ उधळून देते, आणि त्यापायी सोसायटीतली मुलं तिला हळूहळू टाळायला लागली आहेत. आमच्या इथे 'पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट'चे क्लास निघालेत, शेजारच्या दोघीतिघी मुलांना घालतायत. मला मात्र हे घरातच, आमच्या रोजच्या वेळात करायचंय. कसं करावं, एवढंच विचारायचंय.

घरची माहिती देते म्हणजे सल्ला देणाऱ्यांना सोपं जाईल. घरात आम्ही दोघं, लेक आणि सासूबाई. नवऱ्याची महापेला शिफ्ट असते. मी मुलुंडला जाते, म्हणजे ट्रान्स हार्बरने ठाणे आणि तिथून पुढे. घरात पाऊल टाकायला साडेसात होतात. शाळेतून आल्यापासून ती आजीजवळ, संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये खेळायला. मी आल्यावर जेवण, दप्तर, झोप. यातून मोकळा असा अर्धा-पाऊण तास हातात राहतो.

रात्री जेवणं झाली की आम्ही गुलामचोर खेळतो. गुलाम तिच्याकडे गेला की लगेच कळतं. कान लाल होतात, पानं छातीशी घट्ट धरते आणि 'पाणी पिऊन येते' म्हणून उठता उठता तो गुलाम हळूच सतरंजीखाली सरकवते. आजी बघून न बघितल्यासारखं करतात, मग डाव पुढे चालतो. बाबा म्हणाला, 'गुलाम काढ बाहेर', की सगळी पानं भिंतीवर. मग रडणं, लाथा झाडणं, 'मला कोणीच आवडत नाही'. वीसेक मिनिटांनी स्वतःच येऊन मांडीत बसते.

खाली डबा ऐसपैस चालतं. हिच्यावर राज्य आलं की ही डबा लाथाडून लिफ्टकडे पळते. पोरं मागून ओरडतात, 'रडीचा डाव खडी!' आता तर ही खाली गेली की त्यांचा खेळ आधीच 'भरलेला' असतो. मग ही कोणाच्या तरी स्कूटरला टेकून नुसती बघत उभी राहते. वरच्या गॅलरीतून आजींना दिसतं ते, आणि त्यांचा जीव तुटतो. मला त्या फोनवर सांगतात तेव्हा माझाही तुटतो. तिला मैत्रिणी हव्यात हो, फार हव्यात. रात्री अंथरुणात विचारते, 'उद्या मला घेतील का?'

घरात तीन माणसांच्या तीन तऱ्हा. आजी मुद्दाम हरतात. बाबाचं म्हणणं, बाहेर तिच्यासाठी कोणी हरणार नाही, सवय आतापासूनच लागू दे. मी समजावत बसते, पण त्या घडीला तिच्या कानात काही शिरत नाही. शिवाय सासूबाई प्रेमाने का होईना, म्हणतात, 'पोरीच्या जातीला एवढा राग शोभत नाही.' ते वाक्य मला खुपतं, पण त्या दिवसभर तिचं सगळं करतात, त्यांना दुखवायचं नाहीये.

तर, तिला जिंकू द्यावं की हरू द्यावं? ती भडकते तेव्हा आम्ही नेमकं काय बोलावं? खालच्या मुलांशी मी जाऊन बोलावं का? आणि हे वयाचं आहे की कोणाला दाखवायला हवं, हे कशावरून ओळखायचं?

पारसिकहिल

शाळेत कशी वागते? बाईंची काही तक्रार?

घणसोलीची_आई

नाही. बाई म्हणतात शांत आहे, रांगेत नीट असते, डबा वाटून खाते. म्हणूनच कोडं पडलंय.

पारसिकहिल

मग बरंच आहे की. दिवसभर शाळेत धरून ठेवलेलं घरी येऊन सुटतं, कारण घर हक्काचं. आमच्या धाकट्याचंही पहिलीत हेच होतं. बालवाडीतून पहिलीत जाणं मुलांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा जड जातं. शाळेतून आल्या आल्या प्रश्न विचारू नका, खायला द्या आणि अर्धा तास लोळू द्या. निम्मी वादळं तिथेच टळतात.

नौपाडा_बालवाडी

ठाण्यात बालवाडी शिकवण्यात माझी उमर गेली. तुमची लेक मला डोळ्यांसमोर दिसतेय. सविस्तर लिहिते.

जिंकू द्यावं की हरू द्यावं, या प्रश्नात अडकू नका. मुद्दाम हरलेलं सहा वर्षांच्या मुलाला कळतं. न कळलं तरी तोटाच, कारण खाली पार्किंगमध्ये तिला भलताच धक्का बसतो. आणि रोज हरवत राहिलात तर ती खेळणंच सोडेल. त्यापेक्षा सामना बरोबरीचा करा. सापशिडीत मोठ्यांनी एकपासून निघावं, तिने तीसपासून. नियम डाव सुरू होण्याआधी उघडपणे ठरवायचा आणि मग कोणीही सवलत मागायची नाही. आपल्याकडे हे पूर्वीपासून आहेच, कच्चा लिंबू! लहानग्याला खेळात घ्यायचं, पण राज्य द्यायचं नाही. त्यात लाज नसायची, चार दिवसांनी तो पोरगा स्वतःच म्हणायचा, 'मी आता पक्का.' मोठ्या मुलांनी लहानांसाठी काढलेली इतकी शहाणी तोड मी दुसरी पाहिली नाही.

गुलामचोर काही दिवस बाजूला ठेवा. त्या खेळात हरणारा एकटा पडतो आणि सगळे त्याच्याकडे बघतात. तिला नेमकं तेच सोसत नाही. आधी असे खेळ घ्या की सगळे एका बाजूला: गाणं संपायच्या आत चौघांनी मिळून खेळणी आवरायची, किंवा फुगा जमिनीला टेकू द्यायचा नाही. मग नशिबाचे, सापशिडीसारखे. तिथे सापाने गिळलं तर कोणाची चूक नसते, राग फाशावर काढता येतो. नंतर पत्ते आणि कॅरम. आणि आजींना सागरगोटे काढायला सांगा! त्यात कालच्यापेक्षा आज एक जास्त झेलला, एवढीच स्पर्धा. त्यातून आजींना मुद्दाम हरायचं कामच उरत नाही, त्या शिकवणाऱ्या होतात. 'तुमचं चुकतंय' असं सांगण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आणखी एक. मोठ्यांनी हरताना बोलावं. बाबा हरला की त्याने मोठ्याने म्हणावं, 'छे, वाईट वाटलं मला. जिंकायचं होतं. जाऊ दे, पाणी पितो, मग परत मांडू.' नाटकी नको, खरं बोलावं. हरलेला माणूस काय करतो, हे मुलांना बघायला मिळतच नाही. त्यांना फक्त जिंकलेल्यांच्या टाळ्या दिसतात.

मुलांना शिकवायचं तर त्यांच्या अंगणात जावं लागतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे करून दाखवलं. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर. पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला, तोवर तो सगळा भाग आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी त्यांच्या पाड्यात गेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळा कुरणात भरली. तुमच्या लेकीचं अंगण म्हणजे ते पार्किंग. शनिवारी-रविवारी तुम्ही खाली उतरा. पोरांना समज द्यायला नको, त्याने ती आणखी एकटी पडेल. लगोरी घेऊन जा आणि 'कोण कोण खेळणार?' म्हणा. आठवडाभर एकाच मैत्रिणीला घरी बोलावलंत तर त्याहून उत्तम. सात-आठ जणांच्या घोळक्यात शिरणं कठीण, एकीशी जमणं सोपं. आणि त्या एकीच्या ओळखीने घोळक्यातही जागा होते.

खारघर_बाबा

थोडं वेगळं मत. आम्ही पार्किंगमध्ये नाही तर चाळीत वाढलो, आम्हाला कोणी काही शिकवलं नाही. मुलं आपापसात भांडतात, शिकतात. मोठ्यांनी मध्ये पडूच नये. दुसरं, मुलांना थांबायला शिकवलं पाहिजे. तो गोळीचा प्रयोग आहे ना, एक आत्ता खाल्ली नाही तर थोड्या वेळाने दोन मिळतील. थांबणारी मुलं पुढे यशस्वी होतात.

निळी_शाई

मी शाळेत समुपदेशक आहे, म्हणून लिहिते. वॉल्टर मिशेल यांचा स्टॅनफर्डमधला तो प्रयोग साठच्या दशकाच्या शेवटी सुरू झाला. पण २०१८ मध्ये मोठ्या आणि विविध घरांतल्या मुलांच्या गटावर तो पुन्हा तपासला, तेव्हा थांबणं आणि पुढचं यश यांचा संबंध बराच फिका निघाला. घरची परिस्थिती धरली तर आणखीच. मला जास्त मोलाचा वाटतो तो सेलेस्ट किड यांचा प्रयोग. त्यात काही मुलांना आधी 'चांगले रंग आणून देते' असं सांगून आणलेच नाहीत, आणि मग गोळी समोर ठेवली. शब्द मोडलेला पाहिलेली मुलं फारच कमी थांबली. म्हणजे थांबणं हा केवळ मुलाच्या स्वभावाचा भाग नाही, समोरच्या मोठ्या माणसावर भरवसा आहे की नाही हेही त्यात येतं. म्हणून 'पाच मिनिटांत खेळते' म्हटलंत तर पाच मिनिटांत जा. गाडी चुकली तर घरी फोन करून तिलाच सांगा, आजींना नव्हे.

चाळीत कोणी शिकवलं नाही हे मला पटत नाही. कच्चा लिंबू कोणीतरी ठरवतच होतं, मोठी ताई मध्ये पडतच होती. आता मुलं वयावारी एकेकटी वाढतात, तर ते काम घरात करावं लागतं.

आता भडकण्याबद्दल. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. सहाव्या वर्षी तो अगदी कोवळा. ती भडकलेली असताना समजावणं वाया जातं, तुम्ही लिहिलंयच की कानात शिरत नाही. तेव्हा दोनच वाक्यं, हळू आवाजात: 'हरलीस, राग आलाय. पानं फेकायची नाहीत.' राग चालेल, फेकणं चालणार नाही, या दोन्ही गोष्टी एकाच दमात. मग जवळ बसा, बोलू नका. हात लावलेला चालत असेल तर पाठीवर हात. शांत झाली की पानं तिने गोळा करायची, तुम्ही सोबत करायची. शिक्षा म्हणून नव्हे, फेकली म्हणून. घरातल्या तिघांनी हीच दोन वाक्यं ठरवून घ्या. तऱ्हा तीन असल्या की मूल प्रत्येकाला अजमावत राहतं.

समजावायचं असेल ते दुसऱ्या दिवशी, इडलीचं पीठ ढवळताना किंवा रिक्षात. 'काल गुलाम आला तेव्हा पोटात कसं झालं?' असं विचारा. 'का केलंस?' विचारू नका, त्याचं उत्तर तिलाही ठाऊक नसतं. आणि ती शांत असताना सराव करून घ्या: खेळण्यांमधली बाहुली हरते, बाहुलीला काय म्हणायचं? पार्किंगमध्ये घोळक्याजवळ जाऊन काय बोलायचं, तेही असंच घोटून घ्या. 'मी येऊ?' विचारलं की 'नाही' येतं. थोडा वेळ बघून 'मी पण लपते' म्हणत शिरणाऱ्या मुलाला बहुतेक वेळा घेतात.

पोरीच्या जातीचं बोलायचं तर सासूबाईंना एकच विनंती करा: 'आई, राग येऊ नये म्हणू नका, राग आल्यावर काय करायचं ते सांगा.' त्यांना राग आला की त्या काय करायच्या, ते नातीला ऐकू द्या. मुलींना गिळायला शिकवलेला राग पुढे डोकेदुखी आणि पोटदुखी होऊन शाळेत माझ्याकडे येतो, हे मी रोज बघते.

दाखवायचं केव्हा? स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, आधी येत असलेलं बोलणं-खेळणं मागे पडलं असेल, झोप किंवा भूक कित्येक आठवडे बिघडली असेल, शाळेत जायलाच नकार असेल, किंवा घरी-शाळेत-खाली सगळीकडेच कोणाशीच जमत नसेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांशी बोला. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं काही दिसत नाही. ती स्वतःहून मांडीत येऊन बसते, ही मला फार चांगली खूण वाटते. तरी मनात शंका राहिली तर ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आहे, तिथे मुलांसाठीही काम चालतं. आणि सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा आहे, १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पालकांनाही फोन करता येतो.

खारघर_बाबा

रंगांचा प्रयोग माहीत नव्हता. पटलं. मोठी ताई मध्ये पडायची हेही खरं, माझीच बहीण पडायची.

घणसोलीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. नौपाडा काकू, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. कच्चा लिंबूपाशी हसल्या आणि म्हणाल्या, सागरगोटे गावाहून मागवते, इथे बाजारात मिळतात त्यात मजा नाही. नवऱ्याला दोन वाक्यं पटली. त्याची शंका एवढीच की शेजारी बसून गप्प राहायचं म्हणजे किती वेळ? त्याला शांत बसवत नाही, काहीतरी बोलून संपवावंसं वाटतं. आणि दुसरं, एका मैत्रिणीला घरी बोलावलं आणि हिने तिच्याशीही डाव मोडला तर?

निळी_शाई

वेळ ठरवू नका, तिचा श्वास बघा. सुरुवातीला बाबांना जमत नसेल तर त्यांनी जवळ बसून कपड्यांच्या घड्या घालाव्यात. हात कामात असले की तोंड गप्प राहतं आणि तिला सोबत कळते. मैत्रिणीला पहिल्या वेळी तासाभरासाठीच बोलवा आणि हरण्या-जिंकण्याचं काही काढू नका. कणकेचे प्राणी, रांगोळी, भेळ कालवणं. छान चाललेलं असतानाच थांबवा, म्हणजे दोघी 'परत कधी?' विचारतील.

कोपरखैरणे_लगोरी

धागा आता वाचला. आम्ही तिघंचौघं पालक रविवारी सकाळी मुलांना घेऊन निसर्ग उद्यानात जातो. पाच ते नऊ वयाची सगळी एकत्र खेळतात, त्यामुळे कच्चे लिंबू भरपूर. तुम्हाला तर एकच स्टेशन. लेकीला आणि आजींनाही घेऊन या, सागरगोटे असतील तर तेही आणा, आमच्यात कोणालाच धड येत नाहीत. व्यक्तिगत निरोप करा, वेळ कळवतो.