कृती, चेष्टा, प्रयत्न : हात नेमका कशाने हलतो?

बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने मे १६४३ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तला पत्र लिहून विचारले होते की, आत्मा जर केवळ विचार करणारे, जागा न व्यापणारे द्रव्य (मूलतत्त्व) असेल, तर तो शरीराला हलवतो तरी कसा. हा प्रश्न मराठीत आणताना आपण त्याला सहज ‘मन आणि शरीर यांचा संबंध’ असे नाव देतो. मला ते नाव खटकते. देकार्तने एका बाजूला चेतन आत्मा आणि दुसऱ्या बाजूला जड शरीर अशी रेषा आखली; आपल्या दर्शनांत, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानाच्या सांख्य, वैशेषिक, न्याय अशा परंपरांत, ‘मन’ त्या रेषेच्या चेतन बाजूला नाहीच. सांख्यांच्या मते ते अहंकारापासून (‘मी’पणाच्या तत्त्वापासून) उपजलेले इंद्रिय आहे, म्हणजे प्रकृतीचाच, अचेतन मूलतत्त्वाचाच भाग. वैशेषिकांच्या मते ते नऊ द्रव्यांपैकी एक, अणुएवढे आणि स्वतः अचेतन. तेव्हा मनाने हात हलवला असे म्हटल्याने या दर्शनांपुरते कोडे सुटत नाही, ते आत्म्यापर्यंत मागे सरकते.

विचार आणि हालचाल यांच्यामधल्या पायऱ्यांना नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, निरनिराळी नावे दिली आहेत : आधी ज्ञान, त्यातून इच्छा, इच्छेतून कृती आणि कृतीतून चेष्टा. इथे ‘कृती’ म्हणजे प्रयत्न, आणि तो आत्म्याचा गुण आहे. डोळ्यांना दिसणारी शरीराची हालचाल ती चेष्टा. मराठीत मात्र या शब्दांनी जागा बदलल्या. ‘कृती’ बाहेर आली, इतकी की पाककृतीत साहित्यानंतर तिचाच मथळा असतो. ‘चेष्टा’ थट्टेकडे वळली आणि तिचा जुना अर्थ ‘निश्चेष्ट पडला’ यासारख्या प्रयोगांत उरला. ‘प्रयत्न’ म्हटले की आपल्याला खटपट, चिकाटी आठवते; पेला उचलण्यासाठी मी प्रयत्न केला असे कोणी म्हणाले, तर त्याचा हात दुखत असावा असे वाटते. परिणामी जी पायरी या चर्चेत सर्वांत महत्त्वाची, तिच्यासाठीच मराठीत नेमके नाम उरलेले नाही.

ती पायरी का हवी, हे वैशेषिकसूत्रांच्या पाचव्या अध्यायात फार सुंदर दिसते. आत्म्याचा हाताशी संयोग आणि प्रयत्न यांमुळे हातात कर्म, म्हणजे हालचाल, उत्पन्न होते, आणि हाताच्या संयोगाने मुसळात. पण मुसळ उखळावर आदळून उसळते, तेव्हा त्याच्याबरोबर वर जाणारा हात प्रयत्नाने वर गेलेला नसतो, तो आघाताने गेलेला असतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा हात वरच जाताना दिसतो. ‘हात उचलला’ आणि ‘हात उचलला गेला’ हा भेद मराठी क्रियापद दाखवते, पण त्या भेदाचे कारण सांगायला नाम लागते.

शास्त्रीय लेखनातही या उणिवेने घोटाळा होतो. अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, मनगट हलवण्याची ऊर्मी जाणवल्याचे लोक ज्या क्षणी सांगत, त्याच्या सुमारे ३५० मिलिसेकंद आधीच मेंदूतील विद्युत्-हालचाल सुरू झालेली आढळली. याचे वर्णन ‘इच्छेच्या आधी मेंदू ठरवतो’ असे केले, की जे मोजले ती इच्छा होती, प्रयत्न होता, की केवळ त्याची जाणीव होती, हा कळीचा प्रश्न शब्दातच बुडून जातो.

बोलीभाषेने मात्र हा भेद सांभाळला आहे. ‘मनात आले’ म्हणजे विचार आला, त्यापुढे काही घडेलच असे नाही. ‘मनावर घेतले’ म्हणजे करण्याचे ठरले. ‘संकल्प’ हा पर्याय सुचतो, पण त्याला पूजेचा आणि नववर्षाचा वास आहे, आणि डोळ्यांसमोरची माशी हाकलण्याइतक्या क्षणिक गोष्टीला तो जड पडतो. मी सध्या ‘कर्तृप्रयत्न’ असा जोडशब्द वापरून पाहतो आहे. तो वाचताना अडतो, हे मान्य आहे. आपल्या भागातल्या बोलीत या पायरीसाठी एखादे नाम वापरात असल्यास ते वाक्यासह कळवावे.