कुत्र्याची जात बघून बंदी घालायची तर ओळखणार कोण?

"पिटबुल, रॉटवायलर बंद केले की चावे आपोआप थांबतील" असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. केंद्राने 12 मार्च 2024 ला कुत्र्यांच्या 23 जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं, ते आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाने 10 एप्रिलला रद्द केलं. न्यायालयाने आक्षेप घेतला तो कार्यपद्धतीवर: संबंधितांचं म्हणणं ऐकलं नाही, समितीही नियमाप्रमाणे नव्हती. म्हणजे नीट पद्धतीने पुन्हा आणायला वाट मोकळीच आहे, हे विसरू नका.

या चर्चेत न आलेला मुद्दा म्हणजे, त्या यादीत संकरित कुत्रीसुद्धा होती. आमच्या निपाणीकडे शुद्ध जात कुठं सापडते हो? गल्लीत एकाकडे मुधोळ जातीचा शिकारी कुत्रा आणि आणखी कशाचा तरी संकर आहे. पाय लांबसडक, डोकं मात्र रुंद, जबडा जाड. पेपरात बातमी आल्यावर शेजाऱ्यांनी त्याला थेट 'पिटबुल' ठरवलं आणि मालकाच्या मागे लागले. जनावरांच्या डॉक्टरांनी दात बघितले, कान उलटून बघितले आणि लसीच्या कार्डावर 'मिश्र' एवढंच लिहिलं. दिसण्यावरून यापेक्षा जास्त सांगता येत नाही म्हणाले. आणि दूधवाल्याची पोटरी धरली ती त्याच गल्लीतल्या पामेरियनने! दिवसभर जिन्याखाली हातभर साखळीला बांधलेलं असतं ते, कडी सुटली की दिसेल त्याच्या अंगावर जातं. पण पामेरियन त्या यादीत नव्हतं, त्यामुळे त्याच्या मालकाला कुणी चकार शब्द विचारला नाही.