विषय: शनिवारचा 'द पियानिस्ट'

नमस्कार मंडळी,
शनिवारी सिनेमा संपल्यावर चहाला कुणीच थांबलं नाही, तेव्हा इथेच लिहिते. गाडीत लेकीने विचारलं, "आई, त्याला पियानो येत होता म्हणूनच तो वाचला ना?" मी हो म्हणून टाकलं आणि मग रात्रभर तेच डोक्यात राहिलं. सुहासकाका, हा सिनेमा ज्याच्यावर आहे त्या पोलिश ज्यू पियानोवादक व्लाडिस्लाव श्पिलमानचं पुस्तक तुम्ही वाचलंय. तुम्ही काय सांगितलं असतं?
मेधा

---

मेधा,
मी 'नाही' म्हटलं असतं. त्याचे वडीलही वादकच होते, व्हायोलिन वाजवायचे. ऑगस्ट 1942 मध्ये आई-वडील, भाऊ आणि दोन्ही बहिणी ट्रेब्लिंकाच्या, म्हणजे नाझींच्या मृत्युछावणीच्या, गाडीत गेल्या. पोलिसाने कॉलरला धरून मागे खेचलं ते एकट्या व्लाडिस्लावला. कला तर बापाकडेही होती गं.

त्याआधी वडिलांनी एका पोराकडून एकच कॅरॅमल घेतलं आणि चाकूने त्याचे सहा तुकडे केले. तो त्या घराचा एकत्र शेवटचा घास. पुस्तकातलं ते पान मी अजून एका दमात वाचू शकत नाही.

पुढे तो वाचला तो माणसांमुळे. 1943 मध्ये घेट्टोतून, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वॉर्सातल्या वस्तीतून, निसटल्यावर बोगुत्स्की नवरा-बायकोने, आणि त्यांच्यासारख्या इतरांनी लपवलं. ज्यूला थारा दिला तर घरादाराला मरणाची शिक्षा, हे माहीत असून. नोव्हेंबर 1944 मध्ये होसेनफेल्ड या जर्मन कॅप्टनने त्याला पडक्या इमारतीत पाहिलं. त्याने पाव दिला, जॅम दिला, अंगावर घालायला लष्करी कोट दिला. या माणसाने त्याआधीही काही जणांना वाचवलं होतं, त्यांना कुठे पियानो येत होता! स्वतः तो मात्र 1952 मध्ये सोव्हिएत कैदेतच मरण पावला. श्पिलमानने खटपट केली, सुटका झाली नाही.

सिनेमात होसेनफेल्डसमोर शोपँ या संगीतकाराचं बॅलाड वाजतं. प्रत्यक्षात श्पिलमानने त्याचंच सी-शार्प मायनरमधलं नॉक्टर्न, म्हणजे एक संथ पियानोरचना, वाजवलं होतं. 23 सप्टेंबर 1939 ला तोफा धडाडत असताना वॉर्सा रेडिओवर त्याने वाजवलं होतं, तेच.

तरी लेकीचं अगदीच चुकलं असंही नाही. एकटा लपलेला असताना तो येत असलेली एकेक रचना सुरांसकट मनातल्या मनात आठवत बसायचा. पेटीवर हात न ठेवता बंदिश घोळवणाऱ्याला हे कळेल. जीव माणसांनी वाचवला, पण डोकं ठिकाणावर राहिलं ते या रियाजामुळे, असं मला वाटतं.
सुहासकाका

---

काका,
आज सकाळी तिला सगळं सांगितलं. नॉक्टर्न लावलं, ते तिने दोनदा ऐकलं. मग डब्यातलं एक कॅरॅमल काढून सुरीने कापत बसली. चार तुकडे नीट झाले, पाचवा सुरीलाच चिकटला. "सहा कसे केले असतील?" म्हणाली. तुकडे तसेच बशीत आहेत, कुणाला खाऊ देत नाहीये.
मेधा