वजन, ताकद आणि गाडी चालवण्याची मजा : तुमचा अनुभव काय?

गाडीच्या जाहिरातीत बीएचपीचा, म्हणजे इंजिनच्या ताकदीचा, आकडा ठळक असतो. वजन शोधायला माहितीपत्रकाचं शेवटचं पान उलटावं लागतं. चालवताना मात्र हातापायांना आधी वजनच कळतं.

परवा कट्ट्यावर यावरून वाद झाला, म्हणून हिशेब मांडून पाहिला. यामाहा आरएक्स १०० : ताकद ११ बीएचपी, वजन शंभर किलोच्या आसपास. आजची रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० : २० बीएचपी, १९५ किलो. टनभर वजनामागे किती बीएचपी पडतात ते काढलं तर ११० विरुद्ध १०३. आरएक्स जिंकली. आता दोन्हींवर सत्तर किलोचा माणूस बसवा. आरएक्स ६५ वर येते, क्लासिक ७५ वर. हलक्या गाडीला स्वार जास्त महागात पडतो, आणि कागदावर क्लासिक चक्क पुढे निघते. तरी दोन्ही चालवलेल्या कुणालाही विचारा, 'उडते' कोण? उत्तर एकच येतं. असं का, ते तुमच्या अनुभवातून लिहा. दुचाकी, चारचाकी, ट्रॅक्टर, काहीही चालेल. ॲव्हरेजची चर्चा कृपया नको.

सातारा

क्लासिक ज्यातली, त्या बुलेटच्या घराण्यात फ्लायव्हील, म्हणजे इंजिनसोबत फिरणारं वजनदार चाक, जड. इंजिन सावकाश चढतं, सावकाश उतरतं. आरएक्सचं टू-स्ट्रोक मूठ पिळायचा अवकाश, लगेच तयार. मधल्या आरपीएमला पोचली की आवाज बदलतो आणि गाडी सुटते. काकांची जुनी आरएक्स घेऊन यवतेश्वरच्या घाटात गेलो की वळणाला हँडल वळवावंच लागत नाही, कमरेनं सांगितलं की पुरे.

पण चाळकेवाडीच्या पठारावर हिशेब उलटा होतो. तिथं पवनचक्क्या उगाच नाहीत. आडवा वारा लागला की आरएक्स हातभर बाजूला सरकते, आणि आपण तिरके बसून ती सरळ चालवत राहतो. मित्राची बुलेट शेजारून ढिम्म, वर गडी एका हातानं चालवतोय. उतारावर टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग (मूठ सोडली की इंजिनच गाडी रोखतं ते) नावापुरतं आणि ब्रेक ड्रमचे. थांबवायला वजनच कमी, म्हणून निभावतं.

पुणे

केटीएमची ड्यूक २०० बाइक विकून ३९० घेतली. ४३ बीएचपी! शहरात त्यातले निम्मेही वापरायला मिळत नाहीत, बाकीचे मांड्या भाजतात. २०० ला दोन सिग्नलांच्या मधल्या पट्ट्यातसुद्धा अख्खं इंजिन पिळून काढता यायचं. मजा तिथं होती. हायवेला मात्र ३९० च, वाद नाही.

मुंबई, मूळ गाव खेडजवळ

मारुती ८०० ची गंमत कुणीतरी सांगायलाच हवी. वजन साडेसहाशे किलो, ताकद ३७ बीएचपी. एकटा असलो की पोरखेळ. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे चाकाखाली खडा आला तरी तळहाताला कळायचं. गणपतीला गावी निघालो की मात्र पाच माणसं, मागे बॅगा, मांडीवर मखराचं सामान. गाडी भरून टनभर. म्हणजे टनामागे ५७ चे झाले ३७. कशेडीचा चढ दिसला की वडील न बोलता हात पुढे करून एसी बंद करायचे, कारण कॉम्प्रेसर जे दोन-चार बीएचपी खातो तेच ओव्हरटेकला लागायचे. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडतंय, पुढे भरलेला ट्रक, आणि चढ संपेपर्यंत गाडीत सगळे गप्प. ड्रायव्हिंग मी त्या घाटात शिकलो. वेग जाऊ द्यायचाच नाही, कारण गेलेला परत मिळवायला ताकद नाही.

आता पावणेदोन टनांची डिझेल गाडी आहे. टर्बोमुळे चढ जाणवतच नाही, शिवाय कशेडीला बोगदाही झालाय. आई मागे झोपते आणि थेट गावात उठते. तिच्या दृष्टीनं हीच उत्तम गाडी. मला अजून ८०० चं स्टिअरिंग आठवतं.

सांगली जिल्हा

टनामागे ३७ म्हणजे लई झाले की! आमच्याकडं गळीत हंगामात ५० एचपीचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, त्यात पंधरा-वीस टन ऊस. टनामागं दोन-अडीच एचपी पडतात. वेग नाही, पण त्यातबी मजा आहे.

भरलेली ट्रॉली मागनं दाबती, पुढची चाकं हलकी हुतात. फडातनं रस्त्यावर चढताना तर पुढचा भाग सरळ वर उचलतो. तेव्हा स्टिअरिंग फिरवून उपयोग नसतो, चाकं हवेत. मग डाव्या-उजव्या चाकाचा ब्रेक वेगवेगळा असतो त्यावर काम. डावं पेडल दाबलं की डावीकडं वळतो. म्हणून पुढं लोखंडी वजनं लावत्यात. वजनं नसली की पोरं बॉनेटवर बसत्यात, ते मात्र लई वाईट. रस्त्याला लागल्यावर दोन्ही पेडलं एकत्र अडकवायची, नायतर जोरात ब्रेक मारला की ट्रॅक्टर आडवाच. काट्यावर वजन झालं, ऊस उतरला, की येताना रिकाम्या ट्रॉल्या खड्ड्याखड्ड्याला उड्या मारत्यात आणि टेपचा आवाज आपोआप वाढतो.

इंग्लंड

ऑफिसनं दिलेली इलेक्ट्रिक गाडी दोन टनांच्या वर आहे. पाय ठेवला की मान मागे जाते. आठवडाभर सगळ्या मित्रांना ती फेरी घडवली, मग नवलाई संपली. शनिवारी मात्र जुनी माझदा एमएक्स-५ काढतो. दीड लिटर इंजिन, १३० बीएचपी, वजन टनभर. वेल्सच्या अरुंद रस्त्यांवर ती तिसऱ्या गिअरमध्ये शेवटपर्यंत ताणली तरी परवाना शाबूत राहतो.

ताकद कामाला येते ती मुख्यतः सरळ रस्त्यावर. हलकेपणा ब्रेक लावताना, वळताना, वळणातून बाहेर पडताना, सगळीकडे. वजन दुप्पट केलं की टायरची पकड दुप्पट होत नाही, कमीच वाढते. म्हणून जड गाड्यांना रुंद टायर, मोठे ब्रेक, आणि त्यांचंही वजन पुन्हा गाडीलाच. लोटस या ब्रिटिश कंपनीनं १९९६ मध्ये आणलेली एलिस ही स्पोर्ट्स कार ११८ बीएचपीची होती, पण ॲल्युमिनियमचे भाग चिकटवून केलेल्या सांगाड्यामुळे वजन सव्वासातशे किलोच्या घरात. एकदा मित्राची चालवायला मिळाली. उतरल्यावर माझी माझदा मला जड वाटली!

नाशिक

इथे सगळे चालत्या गाडीबद्दल लिहितायत. वजन खरं कळतं ते थांबलेल्या गाडीत. माझी उंची पाच फूट एक इंच. क्लासिक मला आवडायची, पण सीट ८०५ मिलिमीटर, आणि दोन्ही टाचा टेकत नसताना १९५ किलो एका पायावर तोलायचे. शेवटी हंटर ३५० घेतली. इंजिन तेच, २० बीएचपी, पण १८१ किलो आणि सीट ७९० वर. चौदा किलो आणि दीड सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं. यू-टर्न घेताना विचारा.

लडाखला गेलो तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. खारदुंगला खिंड ५,३५९ मीटरवर. तिथं हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के दाट, त्यामुळे इंजिनची ताकदही त्याच प्रमाणात उतरते. २० चे १२ होतात, वजन तेवढंच राहतं, वर बॅगा. पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जाताच येत नव्हतं. आमच्यातल्या एकानं खालीच पूर्ण भरलेला जादाचा पेट्रोलचा कॅन काढून ठेवला होता. तेव्हा हसलो होतो, वर तोच पुढे होता.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये वॉचमनकाका रोज विचारतात, "ताई, झेपते का गाडी?" झेपते. फक्त उतारावर तोंड खाली करून लावली असेल तर मागे घ्यायला झेपत नाही. तेव्हा मी त्यांनाच हाक मारते.